‘मर्यादित प्रवेश’ म्हणजे नेमका किती?

ऑक्टोबर लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन जाहिराती फिरायला लागतात. एक फराळाच्या ऑर्डरची, दुसरी खोपोली-लोणावळ्याकडच्या पार्कांतल्या दिवाळी, नाताळ किंवा थर्टीफर्स्टच्या खास रात्रीची. दुसरीत एक ओळ ठरलेली: ‘मर्यादित प्रवेश, आजच बुक करा.’ वाचणारा ‘मर्यादित’चा अर्थ ‘निवांत’ असा लावतो आणि नेहमीच्या तिकिटापेक्षा बरेच जास्त पैसे मोजतो. मर्यादा तशी दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रस्त्यालाही असतेच की. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, त्यापलीकडे माणूस जाणार कुठे?

पार्कातल्या गर्दीचा विषय निघाला की बहुतेक जण तिकिटं किती विकली एवढंच विचारतात. ती माणसं किती वाजता कुठे असणार, हे कोणी विचारत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. साध्या शनिवारी समजा ८ हजार लोक आले. कोणी १० ला येतं, कोणी १ ला. पोरं किरकिरायला लागली की काही कुटुंबं ४ लाच बाहेर पडतात. कुठल्याही क्षणी काही जण राइडवर, काही रांगेत, काही जेवताहेत, काही झाडाखाली पाय पसरून बसलेत. खास रात्रीची तिकिटं ५ हजारच विकली, पण ते सगळे ६ ते ७ च्या दरम्यान एकाच दारातून आत, ९ ला एकाच जेवणावर, पावणेबाराला एकाच स्टेजसमोर आणि साडेबाराला एकाच पार्किंगमध्ये. म्हणून ८ हजारांचा दिवस निभावून जातो आणि ५ हजारांची रात्र अंगावर येते.

पार्कवाल्यांच्या डोक्यात क्षमतेचे निदान तीन आकडे असतात. पहिला सुरक्षिततेचा: दारं, जिने आणि मोकळं मैदान यांवरून ठरणारा, आणि सगळ्यांत मोठा. दुसरा चालवण्याचा: राइड, जेवण, स्वच्छतागृहं, पार्किंग यांना झेपेल एवढा. तिसरा मजेचा, म्हणजे माणूस घरी जाताना ‘पैसे वसूल’ म्हणेल एवढा. हा सगळ्यांत छोटा. ‘मर्यादित’ हा शब्द यातल्या कुठल्या आकड्याला धरून लिहिलाय, ते जाहिरात सांगत नाही. त्यात खास रात्रीचा खर्च बराचसा आधीच ठरलेला असतो. आतषबाजी, नाचणारी मंडळी, डीजे, रोषणाई यांचं बिल ३ हजार लोकांना तेवढंच आणि ५ हजारांना तेवढंच. त्यामुळे शेवटच्या हजार तिकिटांचे पैसे जवळजवळ सगळे नफ्यात जातात. मजेच्या आकड्यावर विक्री थांबवायला मालकाचा जीव मोठा लागतो.

फ्लोरिडातला नमुना

या प्रकाराची पंढरी म्हणजे फ्लोरिडातलं डिस्नेचं मॅजिक किंग्डम. तिथे नाताळची ‘मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी’ १९८३ पासून आणि हॅलोविनची ‘नॉट-सो-स्केरी’ पार्टी १९९५ पासून भरते. दिवसाच्या तिकिटाचा तिच्याशी संबंध नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. २०२४ मध्ये हॅलोविनच्या तिकिटाचा दर तारखेनुसार ११९ ते १९९ डॉलर होता. किती तिकिटं विकतात, हे डिस्ने जाहीर करत नाही.

पार्टी संध्याकाळी ७ ते रात्री १२, पण तिकीटवाल्यांना ४ पासून आत सोडतात. दिवसाच्या लोकांसाठी पार्क त्या दिवशी ६ ला बंद होतं. म्हणजे ४ ते ६ या वेळात दोन्ही गर्द्या एकावर एक चढतात आणि मनगटावर पार्टीचा बँड (तिकिटाची पट्टी) नसलेली माणसं बाहेर निघेपर्यंत ७ वाजतात. या तीन तासांत रांगा पाहून घाबरू नये. तेव्हा बँड घालून घ्यावा, पोटभर जेवून घ्यावं आणि ७ नंतरच्या पाच तासांत जेवणाला एक मिनिटही देऊ नये.

त्या पाच तासांचंही गणित घट्ट आहे. परेड साधारण दोनदा निघते. पहिली लहान मुलं जागी असतानाची, दुसरी उशिराची. दुसऱ्या परेडला रस्त्याकडेला जागा सहज मिळते, आणि पहिली चालू असताना राइडच्या रांगा आटतात. पोर ११ पर्यंत जागं राहणार असेल तर पहिली परेड सोडून देणं हा त्या रात्रीचा सगळ्यांत फायद्याचा निर्णय. फक्त पार्टीतच भेटणाऱ्या पात्रांबरोबर फोटो काढायचा असेल, तर तेवढ्या एका रांगेत संध्याकाळचा मोठा तुकडा जातो. सात बुटके एकत्र भेटतात ती रांग तर नावाजलेलीच आहे. फोटो हवा की राइड हव्यात, हे पुण्यातून निघतानाच घरात ठरवून घ्या. तिथे उभं राहून ठरवायला लागलं की भांडण होतं.

जाणकार प्रवासी आणखी एक गोष्ट करतात. पार्टीच्या तारखा बघून त्या दिवशी दिवसाचं तिकीट काढतात. पार्क ६ ला बंद होणार, रात्रीची आतषबाजी दिसणार नाही, म्हणून सामान्य प्रवासी तो दिवस टाळतो आणि दुपारी रांगा बऱ्याच कमी असतात. नाताळच्या आठवड्यात उलटा खेळ. पार्टीचा हंगाम २५ डिसेंबरच्या आधीच संपतो आणि तीच परेड, तीच आतषबाजी नेहमीच्या तिकिटावर दाखवतात. त्या दिवसांत पार्कात पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना नाताळची मजा हवी पण नाताळची गर्दी नको, त्यांनी नोव्हेंबरातला मंगळवार-बुधवार धरावा.

युनिव्हर्सल स्टुडिओच्या पार्कातल्या ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ या कार्यक्रमाचा ढाचा वेगळा. १९९१ मध्ये ‘फ्राइट नाइट्स’ या नावाने फ्लोरिडात सुरुवात झाली आणि २०११ पासून तो सिंगापूरलाही होतो. भुताटकीची घरं हे इथलं मुख्य आकर्षण, आणि त्या घरांतून माणसं एकामागून एक, खंड न पडता, मुंगळ्यांच्या माळेसारखी सोडतात. माळ तुटू द्यायची नाही म्हणजे तासाला जास्त माणसं जातात, पण पुढचा दचकतो ते मागच्याला आधीच दिसतं आणि भीतीतली हवा जाते. शनिवारी मोठ्या घरांची रांग दोन तासांच्या पुढे जाते. रांग टाळण्याचा एक्स्प्रेस पास प्रवेशाच्या तिकिटाहून वेगळा घ्यावा लागतो. डिस्नेच्या पार्टीत तर दिवसाची लाइटनिंग लेन, म्हणजे जादा पैसे भरून रांग टाळण्याची सोय, चालतच नाही. घेण्याआधी हे बघून घ्या.

गाडी किती सेकंदांनी सुटते

आता आपल्याकडे येऊ. रांगेत उभं राहण्याआधी दोन मिनिटं बाजूला थांबा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. रोलर कोस्टरच्या गाडीत सीट किती आणि दोन गाड्या सुटण्यामध्ये सेकंद किती, एवढंच बघायचं. फलकावरच्या वेळेपेक्षा हा हिशेब भरवशाचा.

समजा गाडी २४ सीटची आहे आणि दर ९० सेकंदांनी सुटते. तासाला ४० फेऱ्या, ९६० माणसं. पुढे ५०० लोक असतील तर अर्धा तास. खास रात्री हेच ९० सेकंद कसे वाढतात ते प्लॅटफॉर्मवर नीट बघण्यासारखं आहे. जरीचा दुपट्टा गळ्यात आहे, तो काढून बॅगेत ठेवा, बॅग पलीकडच्या कप्प्यात. शेरवानीच्या खिशातला मोबाइल. सँडलचा पट्टा सुटत नाही. दोन बहिणींना शेजारी बसायचंय म्हणून तिसरी उठून मागे जाते आणि तिचा सुरक्षेचा बार पुन्हा उघडावा लागतो, एकाचा उघडला की अख्ख्या ओळीचा उघडतो. पट्टे तपासणारा मुलगा सकाळपासून उभा आहे किंवा सणापुरता घेतलेला आहे. ९० चे १५० सेकंद झाले की तासाला ५७६ माणसं आणि त्याच ५०० च्या रांगेला ५२ मिनिटं. त्यात अर्ध्या सीट एक्स्प्रेसवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला तासाला २८८ सीट उरतात आणि थांबणं पावणेदोन तासांवर जातं. गर्दी तीच, गाडी तीच. म्हणून तिकीट घेताना एक्स्प्रेसची विक्री किती चालू आहे याकडे लक्ष द्या. ‘एक्स्प्रेसही सोल्ड आउट’ असं दिसलं तर साध्या तिकिटाची किंमत मनातल्या मनात निम्मी करा.

पूर्ण पार्काचाही हिशेब असाच मांडता येतो. रात्री सहा राइड चालू आहेत आणि प्रत्येकीची सरासरी तासाला ६०० माणसं धरली तर ३,६००. पाच तासांत १८ हजार सीट. ५ हजार लोकांत वाटल्या तर माणशी साडेतीन राइड. तेही गाड्या सगळा वेळ भरून गेल्या तर. पार्क आखणारे साधारणपणे माणशी तासाला दीड ते दोन गोष्टी हाती लागाव्यात असं धरतात. इथे पाऊणसुद्धा भरत नाही. उरलेली माणसं रांगेत, रस्त्यावर किंवा फूड कोर्टात, आणि तीच तुम्हाला ‘गर्दी’ म्हणून दिसतात. खास रात्री तिकीट महाग आणि चालू राइड कमी, हे इतकं सर्रास चालतं की बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारावा: त्या रात्री नेमक्या कुठल्या राइड चालू, किती वाजेपर्यंत?

सगळे स्टेजसमोर असताना हेच कोस्टर अर्धे रिकामे पळतात. ज्याला डीजेत रस नाही त्याची रात्र तेव्हा सुरू होते. मात्र काही ठिकाणी मुख्य कार्यक्रमाच्या वेळी राइड थांबवतात, कर्मचारी गर्दीकडे वळवायचे म्हणून. तेही आधीच विचारून घ्यावं.

वॉटर पार्कातल्या होळीच्या कार्यक्रमांना हाच नियम आणखी कडक लागू होतो. एकट्याने घसरायच्या स्लाइडवर सुरक्षित अंतर ठेवून दर ३० सेकंदांनी एक माणूस सोडला तर तासाला १२० जण. त्यामुळे सगळी गर्दी वेव्ह पूल आणि रेन डान्सवर लोटते. पूल रंगाने इतका गढूळ झाला की तळ दिसत नाही, तर जीवरक्षकालाही बुडणारा दिसत नाही. तळाची फरशी दिसत नसलेल्या पाण्यात मूल सोडू नका, कितीही मजा चालू असली तरी.

बुफे आणि स्वच्छतागृह

खास तिकिटात जेवण धरलेलं असेल तर आनंदाने उडी मारू नका. कर्वे रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात बुफेची रांग पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एका माणसाला वाढून घेऊन पुढे सरकायला १५ सेकंद धरले, तर एका रांगेतून मिनिटाला ४ जण जातात. दोन टेबलं, दोन्ही बाजूंनी वाढणं, म्हणजे मिनिटाला १६, तासाला ९६०. ३ हजार लोकांना तीन तासांहून जास्त. त्यात दोन्ही टेबलांवरचा पनीरचा डबा रिकामा झाला आणि भरायला पाच मिनिटं गेली की ८० जण मागे तुंबले. जेवणाची वेळ ८ ते १० लिहिलेली असेल तर सव्वा आठच्या आत ताट हातात हवं किंवा मग साडेनऊनंतर. ९ ला जाणं म्हणजे उपास. कूपन पद्धत असेल तर कूपन घेण्याची एक रांग आणि पदार्थ घेण्याची दुसरी, या दोन्हींमध्ये घरातली दोन माणसं वेगवेगळी उभी करा.

महिलांच्या स्वच्छतागृहात १० कप्पे आणि प्रत्येकीला अडीच मिनिटं धरली, तर मिनिटाला ४. कार्यक्रम संपल्यावर २०० जणी एकदम आल्या तर शेवटचीला ५० मिनिटं. कार्यक्रमाच्या वीस मिनिटं आधी जाऊन येणं हाच उपाय. दारापासून सगळ्यांत लांबचं स्वच्छतागृह निवडा. माणसं पहिलं दिसेल त्यात शिरतात.

स्टेजसमोर

इथे मजा-वसुलीचा विषय संपतो आणि जिवाचा सुरू होतो.

एक चौरस मीटर म्हणजे घरातल्या दोन बाय दोन फुटांच्या साधारण पावणेतीन फरश्या. एवढ्या जागेत दोन माणसं असतील तर मोकळेपणाने उभं राहता येतं. चार झाली की शेजाऱ्याचा खांदा लागतो, पण स्वतःच्या मर्जीने वळता येतं. ब्रिटनमध्ये स्टेडियमसाठी वापरतात त्या ‘ग्रीन गाइड’मध्ये उभ्या प्रेक्षकांची कमाल मर्यादा दहा चौरस मीटरला ४७ आहे, म्हणजे मीटरला पाचाच्या आत. सहा-सातच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वागते. माणूस स्वतः चालत नाही, वाहतो. मागून आलेला रेटा लाटेसारखा पुढे सरकतो, आणि अशा गर्दीत माणसं बहुतेक वेळा पायाखाली येऊन नव्हे, तर उभ्या-उभ्या छाती दबून श्वास कोंडल्याने जातात.

पार्कात ही घनता कशी तयार होते, ते क्रमाने बघा. ११ वाजता लवकर आलेली कुटुंबं पुढे चटई टाकून बसतात. बसलेला माणूस आणि त्याची पिशवी मिळून जवळजवळ एक चौरस मीटर व्यापतात. त्यांच्यामागे उभे राहणारे जमतात, त्यांच्यामागे बाबागाड्या. पावणेबाराला दिवे विझतात, पहिला बाण सुटतो आणि चटईवरचे सगळे एकदम उठतात. उठल्याबरोबर त्यांच्या जागेत निम्मी पोकळी होते. मागच्यांना पुढे मोकळं दिसतं, ते सरकतात, त्यांच्यामागचे त्यांच्यामागे. पाच मिनिटांत पुढच्या ओळीत मीटरला एकाचे पाच झालेले असतात आणि मागे उभ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो, त्याला फक्त आकाश दिसतंय. पुढचा कठडा जर सलग आणि बंद असेल तर पुढच्यांना जायला वाटच नाही. यासाठी चांगले आयोजक मैदानाचे आडवे-उभे कठडे लावून कप्पे पाडतात, प्रत्येक कप्पा भरला की त्याचं तोंड बंद करतात आणि मधून कर्मचाऱ्यांना जाता येईल अशी गल्ली मोकळी ठेवतात. मैदानात अशी गल्ली दिसत नसेल, तर पुढे जाऊ नका. आतषबाजी आकाशात असते, शंभर मीटर मागूनही दिसते.

अडतं ते बहुतेक वेळा एक बाजू थांबते आणि दुसरीकडून येणं चालूच राहतं म्हणून. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर हेच झालं. पावसामुळे लोक जिन्यापाशी थांबून राहिले, लोकलमधून उतरणारे येतच राहिले. २३ माणसं गेली. सोलच्या इटेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या हॅलोविनच्या गर्दीत १५९ जण दगावले, ते जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत, वरून आणि खालून एकाच वेळी माणसं शिरल्यामुळे. तिथे तिकीट नव्हतं, आयोजकही नव्हता. तिकिटाच्या कार्यक्रमात निदान आत किती सोडले ते मोजणारा कोणीतरी असतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका २०१४ मध्येच काढलेली आहे. ती वाचून कामाला लागलेला आयोजक दारापाशीच ओळखू येतो: आत जायची आणि बाहेर यायची वाट वेगळी, आणि मोजणीचं यंत्र हातात घेतलेला माणूस.

स्वतःपुरती खूण सोपी ठेवा. दोन्ही हात वर उचलून डोक्याला लावता येतात का? येत नसतील तर तिथून निघायची वेळ होऊन गेली आहे. समोरून उलट चालू नका आणि ढकलूही नका. रेटा येतो तेव्हा त्याच्याबरोबर जा, ओसरतो तेव्हा तिरकं कडेला सरका. कोपर वाकवून हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. पडलेली चप्पल, मोबाइल गेला तर गेला, वाकायचं नाही. मूल लहान असेल तर खांद्यावर, बाबागाडी तिथेच सोडून. आजी-आजोबांना मुळात कठड्यापाशी नेऊच नका. त्यांच्यासाठी खुर्चीची सोय आहे का, हे बुकिंगच्या फोनवरच विचारा.

हजारो फोन एकाच टॉवरवर आले की कॉल लागत नाही आणि व्हॉट्सॲपचं घड्याळ फिरत राहतं. साधा एसएमएस अशा वेळी निघण्याची शक्यता जास्त. पण भरवसा कागदावर ठेवा. मुलाच्या खिशात दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी, आत शिरताना काढलेला त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो आणि चुकामूक झाली तर भेटायची एक ठरलेली जागा. ती जागा मुख्य दार किंवा स्टेज नको, तिथेच सगळे चुकलेले जमतात. लॉकरची खोली चांगली.

पैसे भरण्याआधी आणि नंतर

बुकिंगच्या नंबरावर फोन करून विचारायच्या गोष्टी चारच: चालू राइडची यादी आणि वेळ, त्या दिवशीचे दिवसाचे तिकीटवाले बाहेर कधी पडतात, जेवणाच्या किती रांगा, आणि पाऊस आला किंवा राइड बंद पडली तर काय देणार. उत्तर गोल-गोल मिळालं तर ते उत्तरच समजा. शक्य असेल तर ईमेलवर विचारा. लेखी राहतं.

पैसे भरताना कार्यक्रमाचं पान वेळ-तारखेसह स्क्रीनशॉटमध्ये धरून ठेवा, कारण कार्यक्रम झाल्यावर ते पान बदलतं किंवा गायब होतं. नुसतं ‘फार गर्दी होती’ म्हणून तक्रार टिकायला अवघड. ‘आठ राइड लिहिल्या होत्या, चारच चालू होत्या, जेवण सव्वादहाला संपलं’ ही तक्रार दमदार. बंद राइडच्या फलकाचा, रिकाम्या भांड्यांचा फोटो तेव्हाच काढा आणि बाहेर पडण्याआधी गेस्ट सर्व्हिसच्या खिडकीवर लेखी नोंद करून तिची पोच घ्या. ‘कोणत्याही कारणास्तव पैसे परत मिळणार नाहीत’ या तिकिटावरच्या ओळीमुळे सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागण्याचा हक्क जात नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. पार्क रायगड जिल्ह्यात असलं तरी पुणेकराला पुण्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही.

परतीची वाट

बाहेर पडण्याचं दार तीन मीटर रुंद असेल तर सपाट जमिनीवर मिनिटाला अडीचशेच्या आसपास माणसं निघतात. ग्रीन गाइडचा हिशेब मीटर रुंदीला मिनिटाला ८२ असा आहे. म्हणजे ३ हजार लोकांना १२ मिनिटं. बँड कापायला किंवा बॅग बघायला एकच अरुंद झडप उघडी ठेवली, रुंदी सव्वा मीटरवर आली, की तेच काम अर्ध्या तासाचं. आत येताना बाहेर जायची सगळी दारं पाहून ठेवा. कुलूप दिसलं तर तिथल्या माणसाला विचारा, कार्यक्रम संपताना ते उघडणार आहे का.

पार्किंगचा घोळ याहून मोठा. १ हजार गाड्या, बाहेर पडायला दोन वाटा, प्रत्येक गाडीला ६ सेकंद, तर पन्नास मिनिटं. पैसे निघताना घेत असतील आणि सुट्ट्यांवरून गाडीमागे २० सेकंद जात असतील, तर पावणेतीन तास. म्हणून पार्किंगचे पैसे आत शिरतानाच देऊन टाका आणि गाडी उलटी, तोंड बाहेर करून लावा. दाराजवळची जागा मिळाली म्हणून खूश होऊ नका, मुख्य रस्त्याजवळची मिळाली तर व्हा.

आतषबाजी संपण्याआधी दहा मिनिटं निघा किंवा संपल्यावर पाऊण तास बसून राहा. मधल्या वेळात निघणारे सगळे एकाच ठिकाणी अडकलेले असतात. ठरलेला कार्यक्रम संपल्यावरही तासभर चहाचा ठेला, दोन-तीन राइड आणि हलकं संगीत चालू ठेवणारा आयोजक शहाणा, त्याच्या पार्किंगमध्ये शिवीगाळ होत नाही. खोपोलीकडून पुण्याला येताना बोरघाट चढायचा असतो, आणि थर्टीफर्स्टच्या रात्री एक बंद पडलेला कंटेनर सगळी चढण अडवायला पुरतो. गाडी चालवणाऱ्याने ९ नंतर जड जेवू नये, संध्याकाळी जाण्याआधी दुपारी दोन तास झोप काढावी, आणि त्या रात्री ग्लासाला हात लावू नये हे सांगायला नको. इंधन जाताना भरा, मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं ठेवा. आणि निघण्याआधी, मुलं कितीही पेंगुळलेली असली तरी, त्यांना एकदा स्वच्छतागृहात नेऊन आणा. घाटात गाड्या थांबल्या की पुढची सोय थेट लोणावळ्यात.